जुनी पेटी घेताना: आधी सूर, मग भाव

प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांची मुलगी गाणं शिकायला लागली आहे, बाईंनी घरी पेटी (हार्मोनियम) हवी म्हणून सांगितलंय. नवी चांगली पेटी परवडत नाही. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानांतून किंवा जुन्या बाजारातून घ्यावी का, घेताना काय बघावं, भाव कसा करावा, आणि सोबत तबला-डग्गाही उचलावा का?

पेटी जरूर घ्या. नीट सांभाळलेली जुनी पेटी त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या स्वस्त पेटीपेक्षा बहुतेक वेळा चांगली निघते. लाकूड पुरतं वाळलेलं असतं आणि सूर वाजून वाजून स्थिरावलेले असतात. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करून जा: जुन्या पेटीत आपण पैसे मोजतो ते सुरांचे, म्हणजे आतल्या पितळी जिभांचे आणि त्या ज्या फळीवर बसवलेल्या असतात त्या फळीचे. भाता, चामडं, स्प्रिंगा, पट्ट्यांवरचं आवरण, पॉलिश हे सगळं कारागीर नवं करून देतो. सूर झिजलेले असतील आणि फळी तडकलेली असेल तर ती पेटी फुकट मिळाली तरी महागच पडते. त्यात ती लहान मुलासाठी. मूल रोज जो षड्ज ऐकेल तोच त्याच्या कानात बसणार. बेसूर पेटीवर वर्षभर गायलेलं पोर पुढे दुरुस्त करायला शिक्षकाला फार कष्ट पडतात. म्हणून इथे हजार-दोन हजार वाचवण्यापेक्षा सूर तपासण्यात एक तास घालवा.

आधी कोणती पेटी शोधायची ते ठरवा. शिकणाऱ्या मुलीला साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, खर्ज-नर अशी दोन सुरांची साधी पेटी पुरते. ३७ किंवा ३९ पट्ट्यांची मिळाली तरी अडणार नाही. प्रत्येक पट्टीला दोन सूर असतात, एक खर्जाचा आणि एक त्याच्या वरच्या सप्तकातला नर. ही जोडी गायनाच्या साथीला भरदार लागते. नर-मादी जोडी (मादी म्हणजे नराच्याही वरच्या सप्तकातला सूर) जरा तीक्ष्ण असते, भजनाच्या गर्दीत ती उठून ऐकू येते. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी सोय) नको, स्केल चेंजर (पट्ट्यांचा संच सरकवून षड्ज बदलायची सोय) तर मुळीच नको. जुन्या स्केल चेंजरमध्ये सरकणाऱ्या भागाची झीज होते, पट्ट्या आपापल्या भोकांवर नेमक्या बसत नाहीत आणि हवा गळायला लागते. शिवाय वजन वाढतं. मुलीने काळी एकमध्ये गायचं की पांढरी पाचमध्ये (म्हणजे सप्तकातली कितवी काळी किंवा पांढरी पट्टी षड्ज धरायची), हे बाई ठरवतील, आणि त्या पट्टीतून वाजवायला हात आपोआप शिकतो.

दुकानदार पहिलं वाक्य बहुधा ‘जर्मन सूर आहेत’ हेच बोलेल. जर्मनीचे आणि पॅरिसचे सूर पूर्वी आयात होत असत, जुबिलेट आणि कासरियल या बनावटींची नावं जाणकार आजही आदराने घेतात. पण आपल्याकडच्या असंख्य पेट्यांत गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर असतात आणि त्यांतले चांगले सूर उत्तम बोलतात. ‘जर्मन’ शब्दाला वेगळे पैसे द्यायचे असतील तर पेटी उघडून सुरांच्या पाट्यांवरची (जीभ जिच्यावर बसते ती पितळी पाटी) खूण आणि संपूर्ण संच एकसारखा आहे का, हे बघितल्याशिवाय देऊ नका. शिकाऊ पेटीसाठी तर त्याचा विचारही करू नका.

जाताना सोबत फोनमध्ये ट्यूनर अ‍ॅप, छोटी टॉर्च, पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वही-पेन एवढं असू द्या. जमलं तर पेटीदुरुस्तीचा कारागीर किंवा मुलीच्या बाई. कारागिराला त्याच्या वेळेचे पैसे द्या, संकोच करू नका. एका चुकीच्या खरेदीपेक्षा ते फार स्वस्त पडतात.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका दोषामुळे दुसरा झाकला जातो.

पहिल्यांदा सगळ्या खुंट्या, म्हणजे स्टॉपर, आत ढकलून बंद करा आणि भाता मारा. आतला भाता भरला की बाहेरचा भाता हाताला अडला पाहिजे. तो हळूहळू आत जात राहिला, तर हवा भात्यातून किंवा पेटीच्या सांध्यातून निसटते आहे. बाहेरच्या भात्याच्या घड्यांचे कोपरे बघा, गळती बहुतेक तिथेच असते. गालाजवळ धरलं की हवेची झुळूक जाणवते. मग एकेक खुंटी उघडा, पट्टी दाबू नका. खुंट्या बंद असताना शांत असलेली पेटी एखादी खुंटी उघडताच ‘सूंऽऽ’ करू लागली, तर भाता ठीक आहे, त्या सुरांवरच्या चामडी गाद्या कडक झाल्या आहेत. पट्टी न दाबताच एखादा सूर आपोआप बोलत असेल तर त्या पट्टीची स्प्रिंग मेलेली असते किंवा पट्टी फुगून अडकलेली असते. मात्र काही खुंट्या मुद्दाम अखंड सूर देण्यासाठीच असतात. त्या कोणत्या, ते आधी विचारून घ्या, नाहीतर नसलेला दोष दाखवून बसाल.

यानंतर एक पट्टी दाबून धरा आणि भाता सावकाश उघडा-मिटा. बाहेरचा भाता उघडताना आवाज पडत असेल किंवा डगमगत असेल, तर दोन भात्यांमधला चामडी पडदा हवा मागे सोडतो आहे. हा पडदा आतला भाता भरलेला ठेवतो, तो नवा बसवता येतो, आणि भाव पाडायला हा दोष चांगला उपयोगी पडतो. भाता मारताना ‘फट् फट्’ आवाज येत असेल तरी दोष याच पडद्याचा. भाता फार जड लागला तर आतल्या स्प्रिंगा ताठ आहेत, फार हलका लागून आवाज पडका असेल तर त्या ढिल्या झाल्या आहेत.

मग सूर. हा भाग घाईने उरकू नका. फक्त खर्जाची खुंटी उघडा आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा, प्रत्येकीवर दोन सेकंद. मग खर्ज बंद करून फक्त नर. शेवटी दोन्ही एकत्र. वहीत पट्टीचा क्रमांक आणि समोर काय झालं ते लिहा: बोलला नाही, उशिरा बोलला, खरखरला, डोलला. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. जीभ पाटीपासून फार वर उचललेली असेल तर सूर हवा जास्त खातो आणि उशिरा बोलतो, फार खाली बसलेली असेल तर जोरात भाता मारल्यावर गुदमरतो. दोन्ही दोष कारागीर जीभ किंचित वाकवून काढतो. खरखर बहुतेक वेळा धुळीची असते, पण जिभेचा रिव्हेट सैल असेल किंवा जीभ खाचेच्या कडेला घासत असेल तरी तशीच खरखर येते. मुळाशी बारीक तडा गेलेला सूर आधी हळूहळू उतरत जातो आणि एक दिवस तुटतो. तो बदलावाच लागतो.

खर्ज आणि नर एकत्र दाबल्यावर आवाज ‘वॉंव वॉंव’ असा डोलत असेल तर दोघांचं जुळलेलं नाही. किती बिघडलंय ते कानानेही मोजता येतं. मधल्या सप्तकात, २४० हर्ट्झच्या आसपास, सेकंदाला एक डोल म्हणजे साधारण सात सेंटचा फरक (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट). एवढा फरक नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये निघतो. सेकंदाला चार-पाच डोल दहा-बारा पट्ट्यांवर असतील तर पेटी पूर्ण लावून घ्यावी लागेल, आणि तो खर्च भावातून वजा करायचा.

ट्यूनर लावताना ४४० हर्ट्झ ठेवा, म्हणजे नरातल्या मधल्या सप्तकाची पांढरी सहा ४४०वर यायला हवी. भाता एकाच दाबाने मारा, कारण जोर वाढला की सूर थोडा खाली उतरतो आणि आकडा फसवतो. सगळीच पेटी सारख्या प्रमाणात पंधरा-वीस सेंट चढी किंवा उतरी असेल आणि आपसात जुळलेली असेल, तर घरच्या रियाजाला चालते. तानपुऱ्याचं अ‍ॅप तिच्याशी जुळवून घेता येतं. कीबोर्ड, बासरीसोबत मात्र ती बसणार नाही. संपूर्ण पेटी ४४०वर आणायची म्हणजे प्रत्येक सूर घासायचा. त्या फंदात पडू नका.

इथे एक गोष्ट नवख्याला चकवते. गायकांच्या घरच्या काही पेट्या ‘गांधार ट्यूनिंग’ने लावलेल्या असतात, म्हणजे एक ठराविक षड्ज धरून बाकीचे स्वर तानपुऱ्याशी मिळते केलेले असतात. काळी एक हा षड्ज असेल तर पांढरी चार (गांधार) सुमारे १४ सेंट, काळी पाच (धैवत) १६ आणि पांढरी एक (निषाद) १२ सेंट उतरलेली दिसते. असा ठरलेला नमुना प्रत्येक सप्तकात सारखाच दिसला तर ती बेसूर पेटी नाही, कोणीतरी जाणकाराने मन लावून लावलेली पेटी आहे. मुलीची पट्टी तीच असेल तर अशी पेटी सोडू नका. पट्टी वेगळी असेल तर तिचा उपयोग नाही, कारण दुसऱ्या षड्जावर हीच पेटी खटकते.

आता पेटी उघडायला सांगा. वरचं जाळीचं झाकण काढून, बाजूचे आकडे किंवा स्क्रू सोडवून पट्ट्यांचा भाग उचलला की खालच्या बाजूला सुरांची फळी दिसते. दुकानदारालाच उघडू द्या. ‘उघडली की बिघडते’ म्हणून कोणी नकार दिला, तर तिथे बोली लावू नका. टॉर्च तिरपी धरून जिभांवरचे कानशीचे ओरखडे बघा. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो. दोन्ही टोकांना खोल ओरखडे असतील तर तो सूर वर्षानुवर्षं कधी चढवला, कधी उतरवला गेलाय. अशी पातळ झालेली जीभ ट्यूनिंग धरून ठेवत नाही. पितळ काळवंडलेलं असणं वाईट नाही, हिरवा गंज मुळाशी धरलेला असेल तर वाईट. बदललेले सूर रंगावरून ओळखू येतात. तीन-चार बदललेले असतील तर चिंता नको. दहा-बारा असतील आणि तेही वेगवेगळ्या बनावटीचे, तर आवाजाचा पोत पट्टीगणिक बदलेल.

फळीला तडा आहे का ते बघण्यासाठी एक पट्टी दाबून शेजारच्या पट्टीचा सूर पुटपुटतो का ते ऐका. जाड कागद फळीच्या सांध्यात अलगद सरकवून बघा, सहज आत गेला तर तिथून हवा जाते. पेटीच्या तळाशी टोचल्यासारखी बारीक भोकं आणि त्याखाली ताजा पिवळसर भुसा असेल तर कीड जिवंत आहे. ती पेटी घरात नेऊच नका, घरातलं फर्निचरही धोक्यात येईल. जुनी, भुसा नसलेली, पॉलिशखाली बुजलेली भोकं वेगळी. आणि ताज्या पॉलिशचा वास येणारी पेटी दुप्पट काळजीने तपासा. बाहेर चकाकी आणि आत उंदराची लेंडी, कुरतडलेली बनात (पट्ट्यांखालचं लोकरी कापड) हे चित्र बाजारात नेहमीचं आहे.

पट्ट्या बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडी हालचाल चालते, शेजारच्या पट्टीला घासता कामा नये. दाबल्यावर ‘ठक’ आवाज आला तर खालची बनात गेली आहे, ते किरकोळ काम. पावसाळ्यात घेत असाल तर एक-दोन अडकणाऱ्या पट्ट्यांवरून पेटी नाकारू नका, लाकूड फुगलेलं असतं. हस्तिदंती पट्ट्या सांगून जादा भाव मागितला तर सरळ नको म्हणा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, आणि बहुतेक वेळा ते सेल्युलॉइडच असतं.

कुठे बघायचं? दुरुस्ती करणाऱ्या आणि अदलाबदलीत जुनी पेटी घेणाऱ्या वाद्यांच्या दुकानात भाव चढा असतो, पण पेटी लावलेली असते आणि पुढे तक्रार घेऊन जायला दार असतं. तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याने इथूनच घ्यावी. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं, इथे पेटी आहे तशी मिळते. तिथला विक्रेता तिला शोभेची वस्तू म्हणून तोलतो. त्यामुळे कधी नक्षीची निकामी पेटी महाग असते आणि शेजारची साधी, उत्तम सुरांची पेटी स्वस्तात पडून असते. नाटक कंपन्यांच्या काळातल्या पायपेट्या (पायाने भाता मारायच्या पेट्या) तर आता हॉटेलं आणि शूटिंगवाले घेतात, त्या भावाशी स्पर्धा करू नका. याशिवाय भजनी मंडळं आणि शिक्षकांकडून मिळणाऱ्या पेट्या असतात. त्या रोज वाजलेल्या असतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू.

भावाचं गणित घरूनच करून निघा. त्याच बनावटीच्या नव्या पेटीची किंमत दोन दुकानांत विचारा. कारागिराकडून चार दर घ्या: दोन्ही सुरांचं पूर्ण ट्यूनिंग, बाहेरचा भाता नवा, सगळ्या गाद्यांचं चामडं, आणि एक सूर बदलणं. समजा नवी पेटी २४,००० रुपयांना आहे. उत्तम स्थितीतल्या जुन्या पेटीला मी त्याच्या ५५ ते ६० टक्के धरतो, म्हणजे साधारण १४,०००. समजा ट्यूनिंगचे २,५०० आणि भात्याचे १,५०० लागणार असतील, तर आपली कमाल मर्यादा १०,०००. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि दुकानात तो वाढवू नका. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा.

दुकानात गेल्यावर किंमत आधी विचारा, पेटीला हात लावण्याआधी. तासभर वाजवून मग विचारलीत तर तुमचं मन बसलंय हे समोरच्याला कळलेलं असतं. त्याने १६,००० म्हटलं की ‘बघतो’ एवढंच म्हणा आणि तपासणीला लागा. ती त्याच्यासमोरच, मोठ्याने करा. ‘काका, हा ऐका, पांढरी तीनचा खर्ज बोलत नाही’ असं त्यालाच ऐकवत वहीत लिहीत गेलात की दोष तुम्ही काढलेले राहत नाहीत, दोघांनी मिळून पाहिलेले होतात. घासाघीस तिथेच निम्मी होते. पेटीला नावं मात्र ठेवू नका. ‘भंगार आहे’ म्हटलं की माणूस अडून बसतो, आणि अनेक दुकानदारांचं आपल्या मालावर खरंच प्रेम असतं.

मग एक नाही, दोन भाव सांगा: ‘हे चार सूर आणि भात्याचा कोपरा करून, लावून दिलीत तर तेरा, आहे तशी नेली तर साडेआठ.’ त्याला स्वतःच्या कारागिराकडून काम स्वस्तात होत असेल तर तो पहिल्यावर येईल, माल मोकळा करायचा असेल तर दुसऱ्यावर. दोन्हीकडे तुमचं गणित सुटतं. १६,०००च्या पेटीला ४,००० मागू नका, तिथे बोलणंच संपतं. ‘शेवटचं किती?’ हेही विचारू नका, त्यावर आलेला आकडा शेवटचा कधीच नसतो आणि पुढे बोलायला जागा उरत नाही. शेवटच्या पाचशेवर अडलं तर पैसे सोडा, वस्तू मागा: पेटीची खोळ, दोन जादा सूर, घरपोच पोचवणं, किंवा आठ दिवसांत सूर बिघडला तर मोफत लावून देण्याची लेखी हमी. ही हमी पाचशेपेक्षा मोलाची आहे. मर्यादेच्या वर गेला तर फोन नंबर देऊन उठा.

सकाळी भवानीच्या वेळी गेलं तर थोडं सैल सुटतं, पण थोडंच. गणपती-नवरात्राच्या तोंडावर जाऊ नका. भजनी मंडळांची मागणी असते आणि कारागीरही तेव्हा दुरुस्तीला हात लावत नाहीत.

पैसे देण्याआधी पावती घ्या. तिच्यावर पट्ट्यांची संख्या, सुरांची जोडी, लाकडाचा रंग, बनवणाऱ्याच्या नावाची पाटी असेल तर ती, असं वर्णन लिहून घ्या. पेटीवर एखाद्या मंडळाचं किंवा देवस्थानाचं नाव कोरलेलं असेल तर ती दुकानात कशी आली ते विचारा. नाव खरवडून काढलेलं असेल आणि उत्तर गुळमुळीत मिळालं तर घेऊ नका. विसार द्यायचा झाला तर पाचशेच्या वर नको, आणि त्याचीही पावती.

नेताना भाता मिटवून आकडा लावा, खुंट्या बंद करा, पेटी आडवी-उलटी करू नका. घरी आणल्यावर लगेच ट्यूनिंगला देऊ नका. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास वाजू द्या. बराच काळ पडून असलेले काही सूर हवेने स्वच्छ होऊन आपसूक बोलू लागतात, आणि घरच्या हवेत लाकूडही बसतं. त्यानंतर लावलेली पेटी जास्त टिकते. सुरांना तेल, ब्रासो, लिंबू काही लावू नका, तोंडाने फुंकरही मारू नका.

राहिला तबला-डग्गा. नऊ वर्षांच्या गाणाऱ्या मुलीला आत्ता त्याची गरज नाही, ठेक्याला अ‍ॅप पुरतं. तरी घ्यायचाच झाला तर फक्त तबल्याचं खोड आणि डग्ग्याचं भांडं यांचे पैसे द्या. खोड जड हवं, तोंडाशी तडा नको, आणि काळी एकच्या आसपास लावायचं तर तोंड सव्वापाच इंचांच्या जवळपासचं बघा, मोठं तोंड तेवढं चढत नाही. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, पोचा न पडलेला. पुडी (वरचं चामडी तोंड), शाई (त्यावरचा काळा गोल), वादी (पुडी आवळणारी चामडी पट्टी) कितीही चांगली दिसली तरी पुडी नवी बसवायची धरूनच बोली लावा.